अमेरिकेतल्या जुन्या घराची लाकडी जमीन: काँट्रॅक्टर कसा निवडायचा आणि काम कसं करून घ्यायचं

न्यू जर्सीत एडिसन, पार्सिपनी, ब्रिजवॉटरच्या बाजूला पन्नास-साठ वर्षं जुनं घर घेतलं की पहिल्याच आठवड्यात हा विषय निघतो: कार्पेट काढायचं का, आणि काढलं तर खाली काय निघेल? पुष्कळ घरांत खाली ओकची लाकडी जमीन निघते, आणि मग काँट्रॅक्टरची शोधाशोध सुरू होते. आपल्याकडे फरशीवाला, सुतार, पॉलिशवाला अशी वेगवेगळी माणसं असतात आणि घरातलं कोणीतरी दिवसभर त्यांच्या मागे उभं राहून काम करून घेतं. इथे बहुतेक वेळा एकच माणूस सगळं अंगावर घेतो. तुम्ही त्याला किल्ली देता, आठवडाभर दुसरीकडे राहायला जाता आणि परत आल्यावर जे झालेलं असेल ते बघता. म्हणून सगळी मेहनत काम सुरू होण्याआधी करायची असते.

मी लिहितोय ते मुख्यतः न्यू जर्सी डोळ्यांसमोर ठेवून. लाकूड सगळीकडे सारखंच वागतं, पण कायदे राज्यागणिक बदलतात. दुसऱ्या राज्यात असाल तर परवान्याची आणि पैशांची बाजू तुमच्या राज्याच्या सरकारी संकेतस्थळावर तपासून घ्या.

आधी स्वतः बघा

कोणालाही फोन लावण्याआधी एखाद्या क्लॉझेटच्या आतला कोपरा गाठा. कार्पेटचं टोक पकडीने धरून वर ओढलं की कडेच्या खिळेपट्टीवरून ते सुटतं. खालचा फोम बाजूला सारा. लाकूड दिसलं तर एका पट्टीची रुंदी मोजा. सव्वादोन इंच भरली तर बहुधा तो ओक आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या महायुद्धानंतरच्या घरांत हीच पट्टी सर्रास सापडते.

आता जाडी. जमिनीत हीटिंगची जाळी असेल तर ती उचला. भोकाच्या कडेला फळीचा कापलेला भाग दिसतो. पाऊण इंच जाडीची एकसंध फळी दिसली तर काम सोपं झालं. नीट पाहिलंत तर फळीच्या कुशीतून एक जीभ निघून शेजारच्या फळीच्या खाचेत बसलेली दिसेल. या जिभेच्या वर जेवढं लाकूड शिल्लक आहे तेवढंच घासता येतं. नव्या फळीत ते साधारण पाव इंच असतं आणि दर सँडिंगला त्यातलं थोडं जातं. जिभेवर अगदी पातळ पापुद्रा उरला असेल किंवा जागोजागी खिळ्यांची डोकी वर आलेली दिसत असतील, तर ही जमीन आधी बऱ्याचदा घासून झालेली आहे. ते येणाऱ्या माणसाला आपणहून दाखवा.

कापलेल्या कडेला प्लायवूडसारखे थर दिसले तर तो इंजिनिअर्ड प्रकार. त्यात वरचा खऱ्या लाकडाचा थर किती जाड आहे यावर सगळं अवलंबून. दोन मिलिमीटरच्या आत असेल तर सँडिंगचा विचार सोडा, वरून हलकं घासून नवा कोट मारणं एवढंच शक्य आहे. तीन-चार मिलिमीटर असेल तर एकदा, फार तर दोनदा घासता येतं. आणि थोड्याथोड्या अंतरावर तीच गाठ, तीच रेघ पुन्हा दिसत असेल तर ते लॅमिनेट. वर लाकडाचा नुसता छापील फोटो आहे, त्याला पॉलिश होत नाही. व्हिनाइलचंही तेच. घर विकताना या सगळ्यांना बिनदिक्कत ‘वूड फ्लोअर’ म्हटलं जातं, त्यामुळे जाहिरातीत काय लिहिलं होतं त्यावर जाऊ नका.

दोन धोके इथेच बघून घ्यायचे. कार्पेटखाली नऊ इंची चौकोनी जुन्या टाइल्स किंवा त्यांच्याखाली काळा डांबरासारखा गोंद निघाला, तर त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. खरवडू नका, फोडू नका. प्रयोगशाळेतून नमुना तपासून घ्या. आणि घर १९७८ च्या आधीचं असेल तर भिंतींच्या, बेसबोर्डच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या) जुन्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग उखडणाऱ्या काँट्रॅक्टरकडे ईपीएचं (केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याचं) त्यासाठीचं प्रमाणपत्र असावं लागतं. घरात लहान मूल असेल तर याबाबतीत भीड ठेवू नका.

घासून घ्यायची की नवी टाकायची?

पाऊण इंची ओक शाबूत असेल तर घासून घ्या. एवढं सरळ उत्तर सगळ्यांना आवडत नाही, कारण शोरूममध्ये रुंद फळ्यांची फिकट जमीन पाहिलेली असते. पण जुन्या ओकवरचा पिवळट, काळपट रंग हा बराचसा जुन्या पॉलिशचा असतो. तो थर उतरला की खालून निघणारं लाकूड पाहून माणसं आपलंच घर ओळखत नाहीत. खर्चातही मोठं अंतर आहे. घासून नवं फिनिश करायला साधारण चौरस फुटाला ४ ते ८ डॉलर, तर नवं लाकूड मजुरीसकट टाकायला सहज दहाच्या वर, आणि रुंद व्हाइट ओक घेतला तर त्याच्या दुप्पटही. आकडे गावागणिक हलतात, पण आपापसातलं प्रमाण साधारण असंच राहतं.

काळे डाग मात्र समजून घ्या. कुत्र्या-मांजरांच्या मूत्राने किंवा कुंडीच्या पाण्याने ओक आतपर्यंत काळा पडतो आणि तो डाग बऱ्याचदा सँडिंगने जात नाही. तेवढ्या फळ्या काढून नव्या बसवाव्या लागतात. ‘घासलं की जाईल’ असं जो पैज लावून सांगतो, त्याच्याविषयी मनात एक फुली मारून ठेवा.

सगळ्यात जास्त विचारलं जाणारं काम म्हणजे हॉलचं लाकूड स्वयंपाकघरापर्यंत वाढवणं. त्यासाठी सांध्यावरच्या जुन्या फळ्या मागेपुढे काढून नव्या फळ्या त्यांच्यात विणाव्या लागतात. मग सगळं एकत्र घासून एकाच रंगात आणलं की जोड कुठे होता ते शोधूनही सापडत नाही. स्वस्तातला काँट्रॅक्टर दारात सरळ रेषेत कापून वर एक पट्टी ठोकतो. दोन्ही कामांना बोलीत ‘किचन जोडून देतो’ असंच म्हणतात. तुम्हाला कोणतं हवंय ते कागदावर लिहून घ्या.

नवंच टाकायचं असेल तर थोडक्यात: तळघरात किंवा थेट काँक्रीटच्या स्लॅबवर अखंड लाकूड टाकू नये, तिथे इंजिनिअर्ड घ्यावं. कॅलिफोर्निया-टेक्सासमधल्या स्लॅबवरच्या घरांना हे आधी लागू. काँडोत असाल तर आवाजाबाबतचे एचओएचे, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचे, नियम लेखी मागवा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या तक्रारीवरून जमीन उखडायची वेळ येते. कठीणपणा मोजायची ‘जांका’ नावाची मोजपट्टी आहे. तिच्यावर रेड ओक १२९०, व्हाइट ओक १३६०, हिकरी १८२०. आपलं सागवान ओकच्या खाली येतं हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. तेव्हा ओक ‘साधा’ म्हणून नाक मुरडू नका. फळ्यांची प्रतवारी म्हणजे गाठी आणि रंगातला फरक किती, एवढंच. मधली ‘नंबर वन कॉमन’ प्रत घरात छान दिसते.

नावं कुठून काढायची

मराठी मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप ठीक आहे, पण तिथे मिळणारी शिफारस बहुतेक मागच्या महिन्यात झालेल्या कामाची असते. नवी जमीन पहिल्या महिन्यात सगळ्यांचीच झकास दिसते. शिफारस करणाऱ्याला विचारा, किती हिवाळे झाले? दोन-तीन हिवाळे पाहिलेली जमीन कोणाकडे असेल तर चहाच्या निमित्ताने जाऊन बघून या. फळ्यांमध्ये फटी किती, चालताना करकर किती, खिडकीपाशी आणि सिंकपाशी फिनिश टिकलंय का.

दुसरा रस्ता फार कमी लोक वापरतात. मोठ्या साखळी दुकानात न जाता लाकडी जमिनीचं सामान काँट्रॅक्टर लोकांना विकणारं स्थानिक दुकान शोधा. सकाळच्या गर्दीनंतर काउंटरवरच्या माणसाला विचारा की तुमच्या स्वतःच्या घरासाठी तुम्ही कोणाला बोलवाल. कोण चांगलं फिनिश नेतो, कोण उधारी थकवतो आणि कोणाचा माल परत येतो, हे त्याला पाठ असतं. नॅशनल वूड फ्लोअरिंग असोसिएशनच्या संकेतस्थळावर पिनकोडनुसार प्रमाणित कारागीरही शोधता येतात.

तिघांना घरी बोलवा. फोटो पाहून फोनवर भाव सांगणारा चौथा कोणीतरी असतोच, त्याला नम्रपणे नको म्हणा.

घरी आलेला माणूस काय करतो ते बघा

माझ्या मते निवड इथेच होते. चांगला माणूस भाव सांगण्याआधी मोजतो. खोलीची लांबी-रुंदी सगळेच मोजतात, तेवढ्यावर जाऊ नका. त्याच्याकडे ओलावा मोजायचं मीटर आहे का, आणि तो ते खिशातून काढतो का, ते बघा.

कारण असं. लाकूड हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं, त्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं. न्यू जर्सीचा उन्हाळा आपल्या कोकणाची आठवण करून देतो, आणि जानेवारीत हीटर लागला की घरातली हवा इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावला तरी झटका बसतो. जमिनीला ही दोन्ही टोकं दरवर्षी सोसायची असतात. घरातल्या लाकडाचा ओलावा साधारण ६ ते ९ टक्क्यांत असावा लागतो. नवी फळी आणि तिच्याखालचं प्लायवूड यांच्या ओलाव्यातला फरक अरुंद पट्ट्यांसाठी ४ टक्क्यांच्या आत आणि तीन इंच किंवा त्याहून रुंद फळ्यांसाठी २ टक्क्यांच्या आत हवा. ओल्या फळ्या ठोकल्या की हिवाळ्यात फटी पडतात. खालचं प्लायवूड ओलं असेल तर फळ्यांच्या कडा वर उचलल्या जातात आणि जमीन पन्हळी दिसायला लागते. मीटर लावायला पाच मिनिटं लागतात. ते न लावणारा माणूस तुमच्या पैशांनी जुगार खेळतो आहे.

‘लाकूड तीन दिवस घरात ठेवायचं की झालं’ असं पुष्कळजण सांगतात. दिवसांना स्वतःचा अर्थ नाही, मीटरवरचे आकडे जुळले पाहिजेत. लाकूड ठेवताना घरात एसी किंवा हीटर नेहमीसारखा चालू हवा. गॅरेजमध्ये रचून ठेवलेलं लाकूड गॅरेजच्या हवेला सरावतं, तुमच्या हॉलच्या नाही.

बाकी त्याच्याकडून अपेक्षित गोष्टी: तो तळघरात किंवा क्रॉलस्पेसमध्ये (घराखालच्या बुटक्या पोकळीत) उतरून खालून बघेल. लांब सरळ पट्टी टाकून जमीन समपातळीत आहे का ते तपासेल; खिळ्यांच्या कामाला दहा फुटांत पाव इंचाहून जास्त चढउतार असेल तर आधी खालचा पाया नीट करावा लागतो. इलेक्ट्रिक पॅनेल कुठे आहे ते विचारेल, कारण मोठी सँडिंग मशीन २२० व्होल्टवर चालतात. एवढं करूनही तो प्रेमाने बोलत नसेल तर चालेल. गोड बोलणारे सेल्समन मोठ्या कंपन्यांकडे पुष्कळ असतात.

आणि एक प्रश्न न चुकता विचारा: प्रत्यक्ष काम कोण करणार? बघायला येणारा एक आणि काम करणारी टोळी तिसऱ्याचीच, हे इथे नेहमीचं आहे. त्यात गैर काही नाही, पण मग त्या टोळीचा विमा कोणाचा आणि रोज जागेवर कोण असणार, हे ठरलेलं हवं. कामाच्या माणसांचं इंग्रजी बेताचं असू शकतं, पोर्तुगीज किंवा स्पॅनिश चालतं. दुरुस्तीच्या जागी निळी टेप चिकटवून ठेवली की भाषेचा प्रश्न उरत नाही.

एस्टिमेटमध्ये काय काय लिहिलेलं हवं

‘सँड अँड फिनिश, फर्स्ट फ्लोअर’ एवढीच ओळ आणि खाली रक्कम, असा कागद आला तर परत पाठवा. तीन एस्टिमेटमध्ये हजार-दोन हजार डॉलरचा फरक दिसतो तेव्हा बऱ्याचदा कामच वेगळं धरलेलं असतं. पुढच्या गोष्टी एकेक करून विचारा.

कार्पेट काढणं, खालचे शेकडो स्टेपल उपटणं आणि कचरा नेणं यात आहे का? फर्निचर, फ्रीज, स्टोव्ह कोण हलवणार? जिना धरलाय का? जिन्याचा भाव पायऱ्यांवर असतो आणि तो लोकांना हमखास महाग वाटतो, कारण तिथे हाताने घासावं लागतं. भिंतीलगतची गोलसर पट्टी जुनीच परत लावणार की नवी, आणि तिला रंग कोण देणार? दारं खाली घासायला लागली तर कापून कोण देणार? किती चौरस फूट फळ्या बदलणं भावात धरलंय आणि त्यापुढे काय दर?

मग फिनिशचं नेमकं नाव, कंपनीसकट. किती कोट, दोन की तीन. कोटांच्या मध्ये घासणार का. चकाकी कोणती. नवं लाकूड असेल तर जात, प्रत, रुंदी, जाडी, आणि पाच ते दहा टक्के जादा माल कोणाच्या पैशांनी.

फिनिशचं थोडं सांगतो, कारण इथे गोंधळ फार होतो. ऑइल-बेस्ड पॉलियुरेथेन स्वस्त, टिकाऊ, पण वास उग्र, कोट वाळायला अख्खी रात्र आणि लाकडाला मधासारखा रंग येतो, जो वर्षांगणिक गडद होत जातो. वॉटर-बेस्ड महाग, काही तासांत वाळतं, वास कमी, रंग जवळजवळ लाकडाचाच राहतो. दोन भाग एकत्र करून लावायचे जे वॉटर-बेस्ड प्रकार आहेत, ते दुकाना-ऑफिसांतल्या वर्दळीलाही पुरतात. घरात लहान मुलं, गरोदर बाई किंवा दम्याचं माणूस असेल तर मी वॉटर-बेस्डच सांगेन, जास्तीचे पैसे गेले तरी. चकाकीत सॅटिन किंवा मॅट घ्या. ग्लॉस पहिल्या दिवशी राजवाड्यासारखा दिसतो आणि मग त्यावर प्रत्येक ओरखडा, प्रत्येक पाऊल उमटतं.

रंग, म्हणजे स्टेन, पुस्तिकेतल्या चौकोनावरून ठरवू नका. तुमच्याच घासलेल्या जमिनीवर तीन-चार नमुने लावून घ्या आणि दिवसाउजेडी व रात्री दिव्यात बघा. रेड ओकच्या अंगातच गुलाबी झाक असते. शोरूममधला राखाडी रंग त्यावर भलताच उतरतो. गडद रंगावर धूळ आणि सँडिंगमधली प्रत्येक चूक दिसते. काहीच रंग न देणं हाही एक चांगला पर्याय आहे आणि त्यात एक दिवस वाचतो.

परवाना, विमा, पैसे

न्यू जर्सीत घरकाम करणाऱ्या काँट्रॅक्टरला डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक ‘१३व्हीएच’ने सुरू होतो, तो करारावर हवा आणि संकेतस्थळावर स्वतः टाकून तपासा. ५०० डॉलरच्या वरचं काम लेखी करारानेच व्हायला हवं, आणि कराराची प्रत हातात आल्यापासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत करार रद्द करता येतो. कॅलिफोर्नियात जमिनीच्या कामाचा वेगळा सी-१५ परवाना आहे आणि तिथे आगाऊ रक्कम कामाच्या १० टक्के किंवा १००० डॉलर, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त घेता येत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये ही मर्यादा साधारण एक तृतीयांश आहे.

विम्याचा कागद काँट्रॅक्टरच्या फोनवर बघून समाधान मानू नका. त्याच्या विमा एजंटकडून थेट तुमच्या ईमेलवर मागवा. चांगल्या माणसाला हे नवीन नसतं, एका फोनवर येतो. सर्वसाधारण दायित्वाचा विमा आणि कामगारांच्या इजेचा विमा, दोन्ही बघा. दुसरा नसेल आणि कोणी जिन्यावरून पडलं तर वकिलाचं पत्र तुमच्या घरी येऊ शकतं.

पैशांची वाटणी मला योग्य वाटते ती अशी: माल मागवताना काही, सँडिंग संपल्यावर काही, आणि शेवटचे निदान १५-२० टक्के सगळं वाळून, उजेडात बघून झाल्यावर. ‘रोख दिलेत तर टॅक्स नाही’ ही ऑफर आली तर हसून विषय बदला. पावती नसेल तर वॉरंटीही नसते. माल दुसऱ्याकडून आला असेल तर शेवटच्या चेकच्या बदल्यात लिएन, म्हणजे थकबाकीपोटी घरावरचा हक्क, सोडल्याचा कागद घ्या. नाहीतर काँट्रॅक्टरने दुकानदाराचे पैसे बुडवले तर दुकानदाराचा दावा तुमच्या घरावर येऊ शकतो.

तारखा, मुहूर्त आणि वास्तुशांत

सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे क्लोजिंग (खरेदीखत पूर्ण होऊन घराचा ताबा मिळणं) झाल्यावर आणि सामान येण्याआधी. क्रम असा: आधी छत आणि भिंतींचा रंग, मग जमीन, शेवटी बेसबोर्डला हात फिरवणं. उलट केलंत तर रंगाऱ्याची शिडी नव्या जमिनीवर फिरते.

वास्तुशांतीचं गणित आपल्याला वेगळं करावं लागतं आणि काँट्रॅक्टरला त्याची कल्पना नसते. फिनिश काही तासांत कोरडं लागलं तरी पूर्ण पक्कं व्हायला वॉटर-बेस्डला आठवडा ते दोन आठवडे, ऑइल-बेस्डला महिनाभर लागतो. अशा कोवळ्या जमिनीवर होमकुंडाची धग, तुपाचे थेंब, नारळाचं पाणी आणि पन्नास माणसं म्हणजे नव्या कोटाची वाट. माझा सल्ला, सँडिंगच्या आधीच वास्तुशांत उरकून घ्या. घर रिकामं असतं, सतरंज्या टाकायला जागा असते, जुन्या जमिनीवर काही सांडलं तर जीव खालीवर होत नाही. तेल-तूप लाकडात मुरू नये म्हणून खाली जाड प्लॅस्टिक घाला, एवढंच. मुहूर्त नंतरचाच असेल तर काँट्रॅक्टरला ती तारीख सांगून तिथून मागे दिवस मोजा, आणि कुंड विटांवर, वाळूच्या परातीत ठेवा.

कामाचे दिवस

हजारेक चौरस फुटांना साधारण चार-पाच दिवस. पहिल्या दिवशी पट्ट्या निघतात, वर आलेले खिळे आत ठोकले जातात आणि मोठं मशीन जाड सँडपेपरने, ३६ किंवा ४० नंबरच्या, फिरतं. मग ६०, मग ८० ते १००. मधला नंबर गाळला की वेळ वाचतो आणि जाड पेपरच्या रेघा तशाच राहतात. स्टेन लावल्यावर त्या डोळ्यांत भरतात. कडेला हातमशीन, कोपऱ्यात हाताने खरवडणं. स्टेन द्यायचा असेल तर चांगला कारागीर आधी जमीन हलकी ओली करून वाळवतो, म्हणजे रंग सारखा उतरतो.

सँडिंग संपलं की, पहिला कोट लागायच्या आधी, घरी एक चक्कर माराच. मोबाइलचा टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून डोळा खाली आणा. मशीन थरथरल्याच्या लाटा, कडेच्या मशीनचे गोल ओरखडे, उरलेलं जुनं पॉलिश, सगळं या तिरप्या उजेडात दिसतं. आत्ता दाखवलंत तर दहा मिनिटांचं काम. तीन कोटांनंतर दाखवलंत तर वादाचा विषय.

‘डस्टलेस’ म्हणजे धूळ कमी, शून्य नव्हे. स्वयंपाकघरातली उघडी कपाटं, देव्हारा, पुस्तकं प्लॅस्टिकने झाका आणि एसीच्या जाळ्या बंद करा.

आगीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. तेलकट स्टेन पुसलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेतो, भुशाची पिशवीही. दोन्ही रोज संध्याकाळी घराबाहेर गेली पाहिजेत, चिंध्या पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात. ऑइल-बेस्ड काम असेल तर गॅसच्या वॉटर हीटरची छोटी ज्योत बंद असावी. लॅकर सीलर, म्हणजे पॉलिशच्या आधी लावायचा झटपट वाळणारा ज्वालाग्राही थर, तर कोणी सुचवलाच तर नकोच म्हणा. बोस्टनच्या परिसरात त्याच्या वाफांनी पेट घेऊन कामगार मेले आणि नंतर मॅसॅच्युसेट्सने तसल्या सीलरवर बंदी आणली.

शेवटचा चेक देण्याआधी

दिवसाउजेडी, उभं राहून बघा. गुडघ्यावर बसून भिंगातून पाहिलं तर प्रत्येक जमिनीत काहीतरी सापडतं. उभ्याने, नेहमीच्या उजेडात दिसेल तेच सांगा. ब्रशचे फराटे, अडकलेले केस, फिनिश न पोचलेल्या मोकळ्या जागा, कोपऱ्यातला गडद स्टेन. एक-दोन धुळीचे कण चालतात. कागदावर यादी करा, दुरुस्तीची तारीख घ्या, मग चेक.

चोवीस तासांनी मोज्यांवर चालायला हरकत नाही. फर्निचर तीन-चार दिवसांनी, उचलून, पायांना फेल्ट लावून, ओढत नाही. गालिचे मात्र फिनिश पक्कं झाल्यावरच, नाहीतर त्यांच्याखालचा चौकोन वेगळ्या रंगाचा दिसतो.

पुढची देखभाल थोडीच आहे, पण आपल्या सवयींच्या आड येते. बादलीभर पाण्याने पुसायचं नाही; घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर पुरे. स्टीम मॉप नाही, व्हिनेगर नाही, चमक आणणारं मेण किंवा तेल-साबणही नाही, कारण त्यावर पुढे नवा कोट धरत नाही. हळद सांडली तर लगेच पुसा, समईखाली ताट ठेवा, रांगोळी पाटावर काढा. हवेतला दमटपणा ३० ते ५० टक्क्यांत ठेवायला भिंतीवर दहा-पंधरा डॉलरचं मीटर लावा आणि हिवाळ्यात ह्युमिडिफायर चालवा. जानेवारीत केसाएवढ्या फटी दिसल्या आणि जूनमध्ये मिटल्या, तर काँट्रॅक्टरला फोन करू नका, ते लाकडाचं नेहमीचं वागणं आहे. जूनमध्येही उघड्याच असतील तर करा.

फिनिशचं नाव, चकाकी, स्टेनचा क्रमांक आणि तारीख एका कागदावर लिहून उरलेल्या फळ्यांच्या पेटीत टाका. ती पेटी घरातच, क्लॉझेटच्या तळाशी ठेवा. पाच-सात वर्षांनी, कोट झिजून लाकूड उघडं पडण्याआधी, हलकं घासून एक नवा कोट मारायला जो येईल तो पहिल्यांदा हेच विचारेल.